मधला माळ

"तिला तोंड न्हाई गं, निस्ता डोळा हाय. आन् त्योबी हातभर लांब."

टँकरची वाट बघत बसलेल्या बायका हसल्या. मी डाक बंगल्याच्या व्हरांड्यात उभी होते. तिवईवर कॅमेरा, कॅमेऱ्याला मामाने आणलेली लांब लेन्स. बोलणारी गया होती, नवऱ्याबरोबर पाथर्डीकडून तलावाच्या कामावर आलेली. मला ऐकू गेलं हे तिच्या लक्षात आलं, पण ती ओशाळली नाही. रिकाम्या हंड्यावर बोटांनी ताल धरून माझ्याकडे बघत राहिली. दे की उत्तर, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. मी लेन्स माळाकडे वळवली.

चैत्र लागला आणि ते वाक्य मला पुन्हा ऐकू येऊ लागलं. आता आम्ही केडगावला राहतो. बाबांची बदली नगरला झाली. घरासमोरच्या पुणे रस्त्यावरून यंदाही तेच वारं येऊ लागलं आहे, गेल्या वर्षीचं. मधे पाऊस झाला, विहिरींना थोडंफार पाणी आलं, कामावरची माणसं आपापल्या गावी गेली आणि दुष्काळ संपला असं सगळे म्हणतात. वाऱ्याला मात्र कुणी सांगितलेलं दिसत नाही. दुपारी ते दाराच्या फटीतून तांबूस धूळ आत आणून टाकतं. आई फडक्याने पुसते आणि फडकं झटकायच्या आधी क्षणभर त्याच्याकडे बघते. पाणी भरलेली बादली दिसली की तिचा हात अजून आपोआप झाकण शोधतो.

बाबा तलावाच्या कामावरचे इंजिनियर होते. माझी परीक्षा संपली आणि मी पुण्याहून कर्जतकडच्या त्या बंगल्यावर राहायला आले. पुण्यात मी नन्सच्या शाळेत शिकले होते. तिथे वर्गात मराठी बोललं की शिक्षा व्हायची, आणि घरी आल्यावर माझं मराठी ऐकून पाहुणे गालात हसायचे. दोन्हीकडून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे न बोलणं. तो मला लवकर सापडला. मग मामा जहाजावरून परत आला आणि जपानहून ही लेन्स घेऊन आला. तिच्यामुळे न बोलण्याला एक काम मिळालं.

तिचं कडं पुढे-मागे सरकवलं की लांबचं जवळ येतं, आणि आपण मात्र आहोत तिथेच राहतो. लाजऱ्या माणसाला याहून अधिक काय पाहिजे? बांधावर बसलेली टिटवी मान कशी झटकते ते मला दिसायचं, आणि टिटवीला मी दिसायचे नाही. म्हाताऱ्या बाईच्या हातावरचं गोंदण वाचता यायचं. हे बघणं थोडं चोरटं आहे हे मला तेव्हाही कळत होतं, पण ते आवडत होतं.

त्या माळावर काय होतं असं कुणी विचारलं तर सांगणं कठीण आहे, कारण काहीच नव्हतं. गवत मुळापर्यंत खाल्लेलं. बाभळींची साल माणसाच्या हाताला येईल तिथपर्यंत सोललेली. मधे पांढरट ओढा, त्याच्या अलीकडे आमचा बंगला, पलीकडे भैरोबाचं देऊळ आणि गाव. बंगल्यासमोर पसरलेल्या माळाच्या शेवटी तलावाचं काम. पहाटेपासून तिथे माणसं मुंग्यांसारखी हलायची. पुरुष खड्ड्यात उतरून मुरूम खणायचे, बायका पाट्या भरून बांधावर नेऊन ओतायच्या. दुपारी सुकडी, सरकारी पौष्टिक भुकटी, वाटली जायची. संध्याकाळी चुलींवर मिलोच्या, रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी. लालसर, थापताना चिरणाऱ्या. त्या भाकरीचा वास चांगला नव्हता, पण तो आला की पोरं रडायची थांबायची.

ज्या तलावात एक थेंब नाही तो बांधण्यासाठी एवढी माणसं घाम गाळत होती, हे मला फार विचित्र वाटायचं. बाबांना तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "पाणी आल्यावर बांधायचा असतो का तलाव?" ते बरोबरच होतं. बाबांची बहुतेक वाक्यं बरोबर असायची.

हरणं सकाळी यायची. टँकर जिथे उभा राहायचा तिथे जमिनीत एक ओल साचलेली असायची, घोंगडीएवढी. माणसं गेली की काळविटांचा कळप ती चाटायला यायचा. मी वाचलं होतं की एरवी हा प्राणी माणसाची चाहूल लागताच उड्या मारत निघून जातो. ही हरणं उड्या मारत नव्हती. ती चालायची, थांबायची, पुन्हा चालायची, आजारी माणूस मोरीपर्यंत जातो तशी. एक मोठा नर होता, पाठीने जवळजवळ काळा, शिंगांना लांब पीळ. त्याच्या मागच्या हाडांवर कातडं नुसतं टांगल्यासारखं दिसायचं. सकाळी नऊच्या पुढे माळावरची हवा उकळू लागायची आणि लेन्समधलं सगळं पाण्यात पडल्यासारखं हलायचं, म्हणून त्याचे फोटो मी उजाडल्या उजाडल्या घ्यायचे.

फोटो धुवायला पाणी लागतं. ही गोष्ट मला पुण्यात कधी गोष्ट वाटली नव्हती. बंगल्याच्या न्हाणीला काळे पडदे लावून मी तिथे फोटो छापायचे. फोटो पक्का झाला की त्यातला हायपो, म्हणजे पक्कं करणारं रसायन, निघून जाईपर्यंत तो स्वच्छ पाण्यात खळबळावा लागतो, पाणी पुन्हा पुन्हा बदलून. आई दाराबाहेर उभी राहून म्हणाली, "फोटो धुवायला पाणी, आणि भांड्यांना राख. बघ बाई, तुझं तूच." ती एवढंच बोलली. त्यानंतर मी एकाच पाण्यात सगळे फोटो बुडवून काढू लागले. ते आता पिवळे पडत आहेत. कडेपासून आत, हळूहळू, चहा सांडल्यासारखा डाग सरकतो आहे. त्या पाण्याची कमतरता त्यांच्यात राहून गेली.

त्यांतला एक फोटो कुस्तीचा आहे.

भैरोबाची यात्रा रद्द करायची की नाही यावर गावात वाद झाला होता. देवाला उपाशी ठेवायचं नाही म्हणून शेवटी झाली. पालखी निघाली, वाजंत्री एकच होता. कुस्त्यांचा हगामा मात्र ठरल्याप्रमाणे झाला, ओढ्याच्या अलीकडे, मोकळ्या पात्रालगत. एरवी आखाड्याच्या मातीत ताक आणि तेल मुरवतात. त्या वर्षी माती नुसती नांगरून ठेवली होती, आणि जोड भिडली की दोघेही धुळीत दिसेनासे व्हायचे. बायकांनी आखाड्याशी जायची तिथे रीत नाही. बाबांची जीप वरच्या रस्त्यावर उभी होती, तिच्यात बसून मी लेन्स काढली.

गयाचा नवरा किसन कुस्तीत उतरला. उसाच्या टोळीबरोबर फिरायचा तेव्हा त्याने कारखान्यांवरची मैदानं मारली होती, असं म्हणत. आता त्याच्या अंगावर लंगोट होता आणि बाकी हाडं होती. समोरचा गडी गावातला, अंगाने भरलेला. पुकारणारा ओरडला, "पाथर्डीचा पैलवान, मिलो खाऊन आलाय, जपून रं!" हशा झाला. किसनही हसला. मग तो खाली वाकला, समोरच्याच्या पायात शिरला आणि त्याला खांद्यावर घेऊन उभा राहिला. तोच क्षण मला मिळाला. नारळाची कुस्ती होती. जिंकलेला नारळ घेऊन तो गयाकडे गेला, तिथेच दगडावर त्याने तो फोडला आणि पाणी तिने आणलेल्या पेल्यात ओतलं. ती आखाड्यापासून दूर, बायकांमध्ये उभी होती. मला वाटतं त्या दिवशी त्या माळावर तेवढंच एक गोड पाणी होतं.

फोटो छापला तेव्हा मी हसले. भैरोबाचं देऊळ, शिखरासकट, किसनच्या पाठीवर बसलं होतं. खांद्यावर पैलवान आणि पाठीवर देऊळ. लांबच्या लेन्सचा हा गुण आहे: ती लांबचं जवळ आणते, पण त्याबरोबर दोन वस्तूंमधलं अंतरही खाऊन टाकते. पुढची आणि मागची वस्तू पत्त्यांसारखी एकावर एक चिकटतात. उन्हात लेन्सचं भोक बारीक केलं की दोन्ही सारख्याच स्पष्ट येतात, आणि मग कोण पुढे, कोण मागे, हे डोळ्याला सांगणारं काही उरत नाही. हे मला माहीत होतं. फोटो काढणाऱ्या कुणालाही माहीत असतं. ते कुणाला सांगावं असं वाटलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

यात्रेनंतर काही दिवसांनी तो मोठा नर खाली बसला. सकाळची वेळ होती. ओलीकडे येता येता तो थांबला, पुढचे पाय दुमडले, मग मागचे, आणि मान एका कुशीला टाकली. मी लेन्समधून बघत होते. मला वाटलं, दमला असेल, उठेल. तो उठला नाही. त्याच्या पलीकडे, माळाच्या टोकाला, काम सुरू झालं होतं, आणि खड्ड्यात कमरेपर्यंत उतरलेल्या किसनने डोक्यावर कुदळ उचलली होती. मी बटण दाबलं. चांगला फोटो आला आहे हे मला त्याच क्षणी कळलं. पुढे मरण आणि मागे काम, असा काहीतरी विचारही मनात आला. कॉलेजात असले विचार येतात.

दुपारपर्यंत हरण तिथेच होतं. संध्याकाळी कुणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी नुसतं धड होतं, कातडं सोललेलं. डोकं नव्हतं, शिंगं नव्हती.

हरण मारायला बंदी करणारा नवा कायदा तेव्हा नुकताच आला होता आणि जंगलखात्याच्या रेंजरसाहेबांना तो लागू झालेला दाखवायचा होता. ते तपासाला आले आणि बाबांकडे चहाला थांबले. बाबांनी माझे फोटो आणून त्यांच्यापुढे ठेवले. मुलीचं कौतुक करायला त्यांना दुसरं काही मिळायचं नाही. मी गात नव्हते, बोलत नव्हते. रेंजरसाहेब फोटो भराभर उलटत गेले आणि एकावर थांबले. तो त्यांनी खिडकीपाशी नेऊन बघितला. मग बाबांना विचारून बरोबर नेला.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. किसनवर हरण मारल्याचा आळ आला, आणि तो टिकला नाही. त्याला नेलं नाही. पण तोवर मुकादमाने त्याची हजेरी बंद करून जागा दुसऱ्याला दिली होती, आणि दिलेली जागा कुणी परत देत नव्हतं. रांगेत माणसं उभी होती. शिवाय आळ गेला तरी वास राहतो. गया टँकरवर आली की बायका हंडे थोडे बाजूला सरकवायच्या. दोन दिवसांनी ती दोघं निघाली, गाठोडं तिच्या डोक्यावर, कुदळ त्याच्या खांद्यावर. कुठल्या कामावर जाणार होती ते मला कळलं नाही. मी व्हरांड्यातून लेन्स लावली. लेन्समधून पाठमोरा चालणारा माणूस जागच्या जागी पाय उचलताना दिसतो. ती दोघं चालत होती आणि जात नव्हती. कितीतरी वेळ ती तेवढीच जवळ होती. डोळा काढला तेव्हा रस्ता रिकामा होता.

ती आता कुठे असतील याचा विचार मी करते. करून काही होत नाही, पण करते. शिंगं कुणी नेली हेही मला माहीत नाही. कुणाच्या दिवाणखान्यात गेलं आणि भिंतीवर शिंगं दिसली की मी त्यांचा पीळ बघत राहते, आणि यजमान समजतात की मला शिकारीची आवड आहे.

पण ती सकाळ. रेंजरसाहेब जीप घेऊन आले, बरोबर दोन गार्ड. किसनला बोलावून व्हरांड्याच्या पायऱ्यांखाली उभं केलं. वर भिंतीवर कुण्या जुन्या साहेबाने मारलेल्या हरणाची शिंगं होती, जाळी धरलेली. त्यांच्याखाली खुर्ची टाकून रेंजरसाहेब बसले. मुकादम तात्या शेजारी उभा. मागे गया, आणि तिच्यामागे काम टाकून आलेली बरीच माणसं. मी दारात होते.

"हा तूच ना?" रेंजरसाहेबांनी फोटो पुढे केला.

किसनने हात धोतराला पुसले आणि तो घेतला. स्वतःचा फोटो त्याने आधी बघितला नसावा. "व्हय. मीच हाय."

"आणि हे?"

"हरान हाय."

"आणि तुझ्या हातात काय आहे?"

"कुदळ हाय. साहेब, मी खड्ड्यात हुतो. हरान लई लांब हुतं."

"कुठे आहे खड्डा? दाखव मला फोटोत."

किसन बोट फिरवत राहिला. हरणाच्या पोटामागे त्याची कंबर संपत होती. खड्डा नव्हता. माळ नव्हता. कुदळ बरोबर हरणाच्या मानेवर उचललेली होती. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला ते मी बघितलं, लेन्स न लावता. तो घाबरला नव्हता. तो गोंधळला होता. कागदावर तो उभा होता तिथे तो उभा नव्हता, आणि कागद त्याच्याहून ठाम होता.

"मारलं आसतं तर आमाला वाटा तरी आला आसता," मागून कुणीतरी म्हणालं. थोडे हसले.

"साहेब, ही बाहेरची माणसं," तात्या म्हणाला. "आमच्या गावचा गडी हरणाला हात लावत न्हाई. मी याची हजेरी बंद केली कालच."

गया पुढे आली. तिने फोटो नवऱ्याच्या हातातून घेतला, उलटा धरला, सुलटा केला. मग त्याच्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगा. एकदाच इचारते. मारलं का?"

"आगं," किसन म्हणाला, "तू बी?"

तेवढंच. त्या दोन शब्दांनंतर तिथे कुणी हसलं नाही.

मी बाबांकडे बघितलं. बाबा रोज दुर्बीण लावून जमिनीचे चढउतार मोजतात. लांबची पट्टी त्यांना हाताशी दिसते आणि ती हाताशी नाही हे त्यांना कळतं. मला वाटलं, आता ते बोलतील. ते बोलले. "फोटो माझ्या मुलीने काढलाय," ते म्हणाले. "ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिचं इथे कुणाशी वैर असायचं काही कारण नाही." ते वाक्यही बरोबर होतं. माझं सगळं न बोलणं त्यांनी उचलून किसनच्या विरुद्ध ठेवलं.

"झालं तर मग," रेंजरसाहेब म्हणाले आणि उठले. गार्डनी किसनच्या दंडाला धरलं. त्याच दंडाने त्याने तो भरलेला पैलवान उचलला होता.

मी आत गेले. कुस्तीचा फोटो कुठे आहे ते मला माहीत होतं, तरी घाईत बाकीचे सगळे जमिनीवर पडले. बाहेर आले तेव्हा जीप सुरू झाली होती. मी पायऱ्या उतरून फोटो रेंजरसाहेबांपुढे धरला. डोक्यात इंग्रजी वाक्यं आली, एकामागून एक, नीट जुळवलेली, आणि त्यांतलं एकही तिथे उपयोगाचं नव्हतं.

"हे काय?"

तात्या वाकून बघू लागला. "हे तर आमच्या भैरोबाचं देऊळ," तो म्हणाला. "पर हे याच्या पाठीवर कसं?" मग तो थांबला. त्याने ओढ्यापलीकडे देवळाकडे बघितलं, अलीकडे आखाड्याच्या जागेकडे बघितलं, आणि पुन्हा फोटोकडे. मागची माणसं पुढे सरकली. देऊळ कुठे आहे हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

रेंजरसाहेबांना माहीत नव्हतं. "म्हणजे तुम्हाला काय म्हणायचंय?" त्यांनी मला विचारलं. "स्पष्ट बोला."

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबा, तात्या, गार्ड. किसन बघत नव्हता. तो खाली बघत होता. गया मात्र बघत होती, टँकरपाशी बघितलं होतं तशीच, बोटं हंड्यावर नव्हती एवढंच. माझ्या आणि त्या खड्ड्याच्या मधे तो सगळा माळ पसरला होता, तापू लागलेला, आणि इतक्या दिवसांत मी त्यावर एकदाही पाय ठेवला नव्हता. आवाज आला तो मला माझा वाटला नाही, पण शब्द मराठी होते.

"मधला माळ फोटोत आलेला नाही," मी म्हणाले. "तुम्ही चला माझ्याबरोबर. मी चालून दाखवते."